भाता कोण हाणायलाय?

परभणी जिल्ह्यातलं गाव कोणतंही घ्या, त्यात मारुती एक, पार एक आणि पेटीमास्तर एक. पेटीमास्तर दोन असले तर ते एकमेकांना मास्तर मानत नाहीत, त्यामुळे हिशेबाला एकच धरायचा.

हा मास्तर शाळेतला नव्हे. शाळेतल्या मास्तराची बदली होते, याची होत नाही. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आणि सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत असतं. गावात ते कोणी घेत नाही. पोस्टमन टपाल घेऊन आला की त्यालाच विचारतो, "मास्तर, हे कोण हो आपल्या गावात?"

मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते मास्तर परभणी आणि पूर्णा यांच्या मधल्या पट्ट्यातले. पिंगळी, मिरखेल ही स्टेशनं ज्यांनी पॅसेंजरच्या खिडकीतून पाहिली आहेत त्यांना अंदाज येईल. बाकीच्यांनी फार खोलात जाऊ नये. गावाचं नाव सांगितलं तर शेजारच्या चार गावांचे मास्तर "हे आमच्यावरच लिहिलंय" म्हणून भांडायला येतील, आणि चौघांचंही खरं असेल.

मास्तर दिसण्याआधी पेटी दिसते. तिची गवसणी मास्तरीणबाईंच्या जुन्या लुगड्याची. आतल्या पेटीचा रंग कोणे काळी तांबडा असावा. सूर कुठले म्हणून विचारलंत की उत्तर ठरलेलं: "जर्मन." बहुतेक पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात, चांगले असतात, पण तसं कोणी कबूल करत नाही. मराठवाड्यातल्या जेवढ्या पेट्यांत जर्मन सूर आहेत असं सांगितलं जातं, तेवढं पितळ त्या देशानं खरंच इकडं धाडलं असतं तर त्यांना महायुद्धाला काडतुसं उरली नसती. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्याकडची म्हण मला वाटतं पेटीवरूनच निघाली असावी.

मग सूर लावण्याचा कार्यक्रम. वास्तविक तंबोरा लावतात, मृदंगाला कणीक लावतात. पेटीचे सूर कारखान्यातून कानशीनं घासून येतात, बैठकीत बसून त्यांचं काही करता येत नाही. तरी मास्तर पाऊण तास सूर लावतात. प्रत्येक पट्टी दाबतात, कान तिरपा करतात, तिच्याकडं सुनेकडं बघावं तसं बघतात आणि पुढच्या पट्टीवर जातात. तोवर मृदंगवाला दोनदा तंबाखू खातो. गायक खाकरून खाकरून दमतो. एकदा मी विचारलं, "मास्तर, नक्की काय बघता?" म्हणाले, "हजेरी घ्यायलो. उंदरानं कोण नेलं, कोण राहिलं."

एक पट्टी कायमची गैरहजर. काळी पाच. कधी तरी एका सप्त्यात तिचा सूर तुटला तो तुटलाच. मास्तरांनी तो बदलला नाही. उलट सगळी भजनं अशी बसवली की त्या पट्टीवर बोट जाण्याची वेळच येऊ नये. वाटेत तो स्वर आलाच तर ते हात वर उचलून स्वतः ओरडतात, "विठ्ठल!" लोकांना वाटतं, मास्तरांची तंद्री लागली.

मास्तरांची नोकरी रेल्वेत झाली. हुद्दा कीमन, म्हणजे आपल्या भाषेत चावीवाला. खांद्यावर हातोडा, हातात झेंडी; रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून तपासायचा. लोखंडी स्लीपरात रूळ धरून ठेवणाऱ्या पाचरी असतात, त्यांना चावी म्हणतात. कुठं ढिली झाली असेल तर हाणून बसवायची. पेटीच्या पट्टीलाही इंग्रजीत ‘की’च म्हणतात हे त्यांना रिटायर झाल्यावर नातवानं सांगितलं. तेव्हापासून ते म्हणतात, "मंजे जन्मभर एकच नोकरी केली म्हणा की. दिवसा पगारी, रात्री बिनपगारी."

आता माझं एक खूळ सांगतो. परभणीत नोकरी आणि संध्याकाळी मोंढ्यातून भाजी आणणं एवढ्यावर माझं भागत नाही. मला अमेरिकेतल्या जुन्या काळ्या पियानोवाल्यांच्या तबकड्या ऐकायचा नाद आहे. ब्लूज आणि बूगी-वूगी. बूगी-वूगी म्हटलं की आमच्या पिढीला टीव्हीवरचा जावेद जाफरी आठवतो. पण ते नाव पियानोचं. डाव्या हातानं एकाच चालीचं दळण दळत राहायचं, एका आवर्तनात आठ ठोके, आणि उजव्यानं वर वाटेल तो खोडसाळपणा करायचा. अशी बारा आवर्तनं झाली की एक फेरा पुरा. हे मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं. "बारा आठं शहाण्णव. शहाण्णव कुळीच निघालं की!"

या पियानोवाल्यांची चरित्रं वाचायला लागलो आणि दर पानावर मास्तर भेटायला लागले.

शिकागोचा जिमी यान्सी घ्या. बूगी-वूगीतले मोठमोठे लोक त्याला गुरुस्थानी मानत. हा गृहस्थ 25 वर्षं बेसबॉलच्या मैदानावर माळ्याचं काम करत होता. व्हाइट सॉक्स नावाच्या संघाचं मैदान; तिथलं गवत राखायचं, रोलर फिरवायचा आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी पियानोला बसायचं. पहिली तबकडी निघाली 1939 मध्ये, तोवर चाळिशी आलेली. तबकडी निघाली म्हणून नोकरी सोडली नाही. आणि त्याची एक खोड होती: चीज कोणत्याही पट्टीत सुरू होवो, शेवट एकाच सुरावर करायचा. पेटीच्या भाषेत काळी दोन. मधे काहीही चाललेलं असो, वेळ झाली की हा आपला काळी दोनवर येऊन उभा. ऐकणारा दचकतो, पण सवय झाली की त्याशिवाय करमत नाही.

आमच्या मास्तरांचंही शेवटाचं एक ठरलेलं वळण आहे. काकड्याचं भजन असो, भारूड असो, भीमजयंतीचं गाणं असो नाही तर लग्नातली मंगलाष्टकं, शेवटी तीच तिहाई, तोच झोका, आणि भात्यावर तीच थाप. वऱ्हाडी अक्षता टाकायचे थांबतात ते ‘सावधान’मुळं नव्हे, त्या थापेमुळं. यान्सीचं सांगितलं तर मास्तर म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. गाडी कुठूनबी येऊ दे, शेड एकच असतंय."

क्लॅरन्स लॉफ्टन हा पियानोवाला दुसऱ्या जातीचा. बारा आवर्तनांचा फेरा हा त्याच्या लेखी सल्ला होता, कायदा नव्हे. मनात आलं तर साडेअकरात आटोपायचं, नाही तर तेरावं उघडायचं. वाजवता वाजवता शीळ घालायची, चुटक्या वाजवायच्या, उठून पियानोभोवती नाचायचं. साथीला बसणाऱ्याचे काय हाल होत असतील याचा मला पुस्तकावरून अंदाज आला नसता. आमच्या मृदंगवाल्यामुळं आला. मास्तर रंगात आले की मात्रा वाढतात. मृदंगवाल्यानं समेवर थाप टाकावी तर मास्तर अजून वेशीपाशीच. तो बिचारा पुन्हा फिरून येतो. भजन संपल्यावर दोघं एकमेकांना "तू लवकर आलास" आणि "तुम्ही उशिरा आलात" असं ऐकवतात. गेली तीस वर्षं दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

मानधनाचाही प्रकार तोच. शिकागोच्या दक्षिण भागात भाडं थकलं की माणूस घरातच जलसा लावायचा. येणाऱ्यांकडून थोडे पैसे, खाणं-पिणं, आणि कोपऱ्यात पियानोवाला. त्याला पोटभर जेवण आणि प्यायला मुबलक. घरमालकाचं भाडं सुटायचं, पियानोवाल्याचं मात्र त्याच्याच घरी थकलेलं असायचं. त्याच्याही आधी दक्षिणेकडच्या लाकूडतोडीच्या छावण्यांतून हे लोक हिंडत. तिथले पियानो म्हणजे अर्ध्या पट्ट्या मुक्या. वाजवणारा आपला उरलेल्या पट्ट्यांवर संसार करायचा. काळी पाच गेली म्हणून आमच्या मास्तरांनी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

आमच्याकडं मानधन म्हणजे टोपी-टॉवेल. ज्यांनी मराठवाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथं पाहुणा, पुढारी, व्याही आणि कलावंत या सगळ्यांचा सन्मान एकाच कपड्यानं होतो. मास्तरांच्या ट्रंकेत टॉवेलच टॉवेल. त्यातले निम्मे फिरते आहेत. म्हणजे यांना सप्त्यात मिळाला तो यांनी साडूला दिला, साडूनं सरपंचाला बांधला, सरपंचानं पुढच्या सप्त्यात मास्तरांना. एका टॉवेलाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. तो डाग त्यांना तीनदा भेटला. "ओळख पटली," म्हणाले.

शिवाय पंगत. मास्तरांची पंगतीतली जागा ठरलेली, वाढप्याच्या वाटेवर. वरण-भात, गव्हाची खीर, वांग्याची भाजी. ते वाजवतात त्यापेक्षा जास्त तन्मयतेनं जेवतात असं मृदंगवाल्याचं मत आहे, पण ते पक्षपाती आहे.

मास्तरांची खरी दुखरी जागा मात्र रेडिओ. ऑल इंडिया रेडिओनं 1940 च्या मार्चपासून पेटीवर बंदी घातली होती, ती 1971 पर्यंत टिकली. कारण असं की पेटीला मींड येत नाही, दोन स्वरांच्या मधली घसरण येत नाही, आणि तिचे सूर ठोकळेबाज. मास्तर हे असं सांगतात की जणू तेच एकतीस वर्षं येरवड्यात होते. मी एकदा शंका काढली, "मास्तर, 1940 ला आपण निजामाच्या राज्यात. ती बंदी आपल्याला लागू होती का?"

"लागू असो का नसो," मास्तर म्हणाले, "अपमान तो अपमान."

त्यावर उतारा म्हणून ते दोन नावं घेतात. एक अप्पा जळगावकर. जालन्याकडचे, म्हणजे मास्तरांच्या हिशेबानं शेजारचेच. मोठमोठ्या गवयांना साथ केली, संगीत नाटक अकादमीनं गौरव केला. दुसरं नाव सी. रामचंद्र. हे ऐकून मी आधी चकित झालो. पण ते खरंच पेटीवाले. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीची साथ करत होते, आणि मग त्याच माणसानं 1951 च्या ‘अलबेला’त भगवानदादांना अशा काही ठेक्यावर नाचवलं की अमेरिकेची सगळी झिंग मराठी पेटीतून निघाली. मास्तर म्हणतात, "भाता हाणायची सवय हाय त्या माणसाला. गाण्यात वारं भरतंय ते."

खुद्द शिकागोचा एक पियानोवालाही इकडं येऊन गेला. टेडी वेदरफर्ड. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. गोव्याचे वादक त्याच्या हाताखाली तयार झाले. 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. परभणीला काही तो आला नाही. आला असता तर टोपी-टॉवेल घेऊन गेला असता.

एके दिवशी मी मास्तरांना मोबाइलवर एक जुनी छोटी फिल्म दाखवली. 1941 साली चित्रित केलेली; त्यात अल्बर्ट अमन्स आणि पीट जॉन्सन दोन पियानोंवर समोरासमोर. अमन्स म्हणजे आडवातिडवा माणूस, बोटं केळीच्या घडासारखी. मास्तरांनी चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि बघत राहिले. बराच वेळ काही बोलेनात. मला वाटलं, भारावले. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले,

"दोन्ही हात वर. मंग भाता कोण हाणायलाय?"

मी हसलो, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. पेटी मुळात पॅरिसची. 1842 मध्ये तिथल्या अलेक्झांद्र दबँ यांनी तिचं पेटंट घेतलं तेव्हा भाता पायांनी चालायचा आणि दोन्ही हात मोकळे. आपण पडलो मांडी घालून बसणारी माणसं. पाय दुमडलेले, ते भात्याला कसे लावणार? तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी भाता मागं बसवून हाताला दिला. बैठकीची सोय झाली, पण पेटीवाल्याचा डावा हात कायमचा चाकरीला लागला. आणि बूगी-वूगीची सगळी गंमत त्या डाव्या हातात! नाटकवाल्यांची पायपेटी होती तोवर ठीक. पण मारुतीच्या देवळात पायपेटी कोण आणणार?

पियानोला तारा असतात, त्यावर हातोड्या पडतात, वारं लागत नाही, हे मी समजावलं. हातोड्या ऐकल्यावर मास्तरांना जरा आपलेपणा वाटला. मग म्हणाले, "तरी एक सांगतो. वारं न्हाई तर दम कसा कळंल? माणूस दमला की पेटी दमती. हे यंत्र तर दमनारच न्हाई." डीजे आणि क्यासिओवर त्यांचा आक्षेपही हाच आहे. गेल्या साली एका पोरानं सप्त्यात कीबोर्ड आणला होता. त्यात सनई, बासरी, कुत्र्याचं भुंकणं, सगळं होतं. ऐन हरिपाठात लाइट गेली. पोरगा नुसता बसून. मास्तरांनी पेटीवरचं लुगडं काढलं, आणि पाऊण तास हजेरी घेतली.

असंच एकदा मी त्यांना सांगत होतो की हे ब्लूज मुळात कष्टाच्या गाण्यांतून आले. शेतात, रुळांवर, तुरुंगात काम करताना म्हटलेली गाणी. मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "मंग जनाबाईचं काय यगळं हाय?" जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. जात्यावर बसून गायच्या, आणि जात्याचा फेरा हाच ठेका. बाईंना अमेरिका ठाऊक नाही, पण त्यांनी पंचवीस वर्षं रोज पहाटे दोन पायल्या दळलेलं आहे. मी आणि मास्तर दोघंही गप्प बसलो. चहाही थोडा उशिरा आला.

आता रेल्वे. 1900 च्या आसपास निजामाच्या राज्यातून हैदराबाद ते मनमाड अशी मीटरगेज गाडी सुरू झाली, आणि पूर्णा हे त्या लाइनीवरचं मोठं जंक्शन झालं. वाफेची इंजिनं, शेड, रेल्वेच्या चाळी. मास्तर म्हणतात, मी ठेका कोणाकडं शिकलो न्हाई, गाडीकडं शिकलो. रुळाचे तुकडे जोडलेले असतात. प्रत्येक जोडावरून चाकं जाताना खटक-खटक, खटक-खटक. त्यात वाफेचा फुसकारा. भजनी ठेका आठ मात्रांचा, गाडीही आठात चालते, असं त्यांचं गणित. आता ब्रॉडगेज आलं, रूळ लांबच्या लांब वेल्ड केले. गाडी वेगात जाते, आवाज मात्र सपाट. "कीर्तनकार आला, पण टाळकरी घरीच राहिले" असं मास्तर त्याचं वर्णन करतात. सपाट रूळ म्हणजे कीमनला काम कमी, हे त्यांना नोकरीत बरं वाटलं होतं. भजनात वाटलं नाही.

परवा सप्त्याचा काला झाला. मंडप सोडत होते, पोरं पत्रावळी गोळा करत होती. मास्तर ओट्यावर बसले होते, गळ्यात नवा टॉवेल. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. मी म्हटलं, आज एक ऐकाच. मीड लक्स लुईस या पियानोवाल्याची आगगाडीवरची तबकडी लावली. हा शिकागोत रुळांशेजारच्या घरात वाढला. तरुणपणी तो आणि अमन्स टॅक्सी चालवायचे; असं सांगतात की ड्रायव्हर पियानोपाशी पळतात म्हणून मालकानं शेवटी पियानोच कचेरीत आणून ठेवला. 1927 मध्ये त्यानं ही गाडीची तबकडी केली आणि पुढं तो हरवला. कोणा जॉन हॅमंड नावाच्या रसिकानं ती ऐकून त्याचा शोध घेतला. सापडला तेव्हा हा गाड्या धूत होता. डिसेंबर 1938 मध्ये तो, अमन्स आणि जॉन्सन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होते. त्यांच्याच घोळक्यातला पाइनटॉप स्मिथ, ज्याच्या तबकडीनं ‘बूगी-वूगी’ हे नाव गाजवलं, तो मात्र 1929 मध्येच नाचाच्या हॉलमध्ये गोळी लागून गेला होता. चोवीस वर्षांचा.

हे सगळं मी सांगत होतो, मास्तर ऐकत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. डावा हात ओट्याच्या फरशीवर भाता हाणत होता, उजव्याची बोटं मांडीवर चालली होती. जुनी तबकडी, तिच्यावर ओरखडे. सुरांच्या खालून सारखी खरखर आणि ठरावीक वेळानं एक बारीक टक्. गाडी पुलावर गेली, उताराला लागली, शेवटी धापा टाकत थांबली.

"पुन्हा लाव, बापू."

पुन्हा लावली. मास्तर पुढं झुकले, मोबाइलला कान लावला, रुळाला लावतात तसा.

"मीटरगेज हाय," ते म्हणाले.

मग बोट वर केलं. तो टक् आला. पुन्हा आला.

"डायव्हर चांगला हाय. पण तिथली एक चावी ढिली हाय. कळवून टाका त्यान्ला."